सोन्याखालचा सोमल

कॅनडाच्या उत्तर भागात ग्रेट स्लेव्ह नावाचे अफाट सरोवर आहे. त्याच्या एका खाडीवर यलोनाइफ हे सुमारे वीस हजार वस्तीचे शहर वसले आहे आणि शहराच्या हद्दीतच जायंट नावाची सोन्याची खाण आहे. जून १९४८ मध्ये तिथे सोन्याची पहिली वीट ओतली गेली आणि २००४ मध्ये खाणकाम कायमचे थांबले. मधल्या काळात या जमिनीतून सुमारे ७० लाख औंस, म्हणजे दोनशे टनांहून जास्त सोने निघाले. ते जगाच्या बाजारात कधीच विरघळून गेले. यलोनाइफच्या वाट्याला मात्र २ लाख ३७ हजार टन आर्सेनिक ट्रायऑक्साइड आले. आपल्याकडचे जुने वैद्य ज्याला सोमल म्हणत आणि कुलुपात ठेवत, तेच हे पांढरे भुकटीसारखे विष. त्याला ना वास, ना चव. पाण्यात विरघळते. एका माणसाचा जीव घ्यायला चिमूटभराहूनही कमी पुरते.

हा सगळा सोमल शहराच्या हद्दीतच जमिनीखालच्या १५ कोठ्यांमध्ये भरून ठेवलेला आहे. वर काढून रचला, तर अकरा मजल्यांच्या सात इमारती भरतील एवढा. आर्सेनिक हे मूलद्रव्य आहे. किरणोत्सारी कचरा हजारो वर्षांनी का होईना निवतो, हे मात्र जसेच्या तसे राहते.

एवढे विष एका गावाखाली कुणाच्या संमतीने साठले, हा या खाणीच्या इतिहासातला मुख्य प्रश्न. त्याचे उत्तर कुठल्याही एका मोठ्या निर्णयात सापडत नाही. ते खाणीच्या कामकाजात वेळोवेळी केलेल्या बदलांमध्ये सापडते. त्यातला प्रत्येक बदल त्या-त्या वेळी शहाणपणाचा वाटला होता.

त्यासाठी आधी दगड समजून घ्यावा लागतो. जायंटचे सोने वाळूत चमकणारे सोने नव्हते. ते आर्सेनोपायराइट नावाच्या खनिजात कोंडलेले होते. या खनिजात लोह, गंधक आणि आर्सेनिक एकत्र असतात. एरवी सोन्याचा दगड दळून सायनाइडच्या पाण्यात घातला की सोने विरघळून वेगळे होते. इथे सायनाइड सोन्यापर्यंत पोहोचतच नव्हते. म्हणून दळलेला माल आधी भट्टीत भाजायचा. भाजताना गंधक आणि आर्सेनिक वायुरूपाने उडून जात आणि मागे उरलेल्या सच्छिद्र मालातून सोने सुटे होई. १९४९ मध्ये ही भट्टी पेटली. उडून जाणाऱ्या आर्सेनिकचे काय करायचे, याची कसलीच सोय तेव्हा धुराड्याला नव्हती. पहिल्या दोन-तीन वर्षांत दिवसाला सुमारे साडेसात टन आर्सेनिक हवेत जात होते. ते थंड होऊन पांढऱ्या धुळीच्या रूपात खाली बसे. वर्षातले सहा-सात महिने बर्फाखाली असलेल्या त्या मुलखात ते बर्फावर बसे, आणि पांढऱ्यावर पांढरे कुणाला दिसत नसे.

या जमिनीवर खाणीच्या आधीपासून माणसे होती. यलोनाइव्ह्ज डेने या आदिवासी समाजाची एन्डिलो आणि डेट्टा ही गावे खाडीच्या काठांवर आहेत. १९०० मध्ये त्यांच्या पुढाऱ्यांनी ब्रिटिश राजसत्तेबरोबर करार केला, तो शिकार, मासेमारी आणि रानातले फिरणे पूर्वीसारखे चालू राहील या समजुतीवर. खाण जिथे झाली तो बेकर ओढ्याचा परिसर त्यांच्या मासेमारीचा, शिकारीचा, रानबोरे वेचण्याचा. त्यांना ना कुणी विचारले, ना नफ्यात वाटा दिला. हिवाळ्यात पिण्यासाठी ही माणसे बर्फ वितळवत. सरोवराच्या जाड थरात भोक पाडण्यापेक्षा ते सोपे पडे, आणि पिढ्यान्‌पिढ्यांची ती रीत होती.

१९५१ च्या वसंत ऋतूत, बर्फ वितळू लागला तेव्हा, एन्डिलोतला दोन वर्षांचा एक मुलगा आर्सेनिकच्या विषबाधेने मरण पावला. कंपनीने त्याच्या कुटुंबाला ७५० डॉलर दिले. बर्फाचे पाणी पिऊ नका, असे इशारे वर्तमानपत्रात आणि फलकांवर इंग्रजीत येत राहिले. ज्यांना ते सगळ्यात आधी कळायला हवे होते, त्यांच्यापैकी फार थोड्यांना इंग्रजी वाचता येत होते. त्या काळच्या आठवणी डेने घरांमध्ये आजही सांगितल्या जातात, आणि या खाणीचा इतिहास लिहिणाऱ्या कुणालाही तिथूनच सुरुवात करावी लागेल, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

त्याच १९५१ मध्ये कंपनीने धुराड्याला विजेच्या भाराने धूळ पकडणारे यंत्र बसवले. पुढे १९५८ मध्ये कापडी पिशव्यांचे मोठे गाळणीघर उभे राहिले. हवेत जाणारे आर्सेनिक झपाट्याने घटले. टनांच्या जागी किलोंत मोजावे इतके खाली आले. सुधारणा खरी होती, त्यामुळे जीव वाचले, यात शंका नाही. पण हवेत न गेलेले आर्सेनिक कुठेतरी जायलाच हवे होते. गाळणी जितकी चांगली, तितकी पकडलेली धूळ जास्त.

ती धूळ जमिनीखाली ठेवायचे १९५१ मध्येच ठरले होते.

यामागचा विचार असा होता. यलोनाइफच्या भूगर्भात काही ठिकाणी जमीन बारमाही गोठलेली असते. अशा गोठलेल्या, कोरड्या, भक्कम खडकात कोठ्या कोरायच्या, नळ्यांतून दाबाच्या हवेने धूळ आत फुंकायची आणि तोंड काँक्रीटच्या भिंतीने बंद करायचे. खणताना आलेल्या उष्णतेने खडक थोडा तापेल, पण पुढे थंडी पुन्हा शिरेल आणि सगळे गोठून बसेल. पाणी पोहोचणार नाही, म्हणजे विष विरघळणार नाही. सरकारी अधिकाऱ्यांनी ही कल्पना मान्य केली. जाहीर सुनावणी झाली नाही, स्वतंत्र तज्ज्ञ नेमले गेले नाहीत, डेने लोकांना कळवण्याचा तर प्रश्नच कुणाच्या मनात आला नाही. तसे करणे तेव्हा कायद्याने बंधनकारक नव्हते. पर्यावरणावरचा परिणाम आधी तपासा, असे सांगणारा अमेरिकेचा कायदा १९७० चा. कॅनडाने अशी पद्धत १९७३ मध्ये सुरू केली. भारतात ती १९९४ च्या अधिसूचनेने सक्तीची झाली.

पुढची जवळजवळ पन्नास वर्षे धूळ खाली जात राहिली. आधी खास कोरलेल्या कोठ्या भरल्या, मग सोने काढून रिकाम्या झालेल्या पोकळ्याही वापरात आल्या. आणि १९७० च्या दशकात कामकाजात आणखी एक बदल झाला: भुयारी खाणीच्या जोडीला वरून खोदलेल्या उघड्या खाणी सुरू झाल्या. वरचा माल स्वस्तात हाती येतो, म्हणून खाणवाल्यांच्या दृष्टीने हा साधा व्यवहार होता. पण उघड्या खड्ड्यांनी उन्हाळ्याची ऊब आणि पाणी खडकात खोलवर नेले. जी जमीन गोठून राहील या भरवशावर सोमल खाली पुरला होता, ती आधीच खाणीच्या वावराने तापत होती. आता ती वितळली. १९५१ च्या निर्णयाचा पायाच असा नंतरच्या दुसऱ्या एका निर्णयाने काढून घेतला. दोन्ही कागद एका टेबलावर ठेवून पाहणारे मात्र कुणी नव्हते.

लोकांचा संशय वाढत गेला, तो आरोग्याच्या बाजूने. १९६० च्या दशकात सरकारने यलोनाइफच्या रहिवाशांची तपासणी केली, पण तिचे निष्कर्ष लोकांपर्यंत नीट पोहोचलेच नाहीत. १९७५ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय नभोवाणीवरून अहवाल दडपल्याचा आरोप झाला आणि देशभर गाजावाजा झाला. त्यानंतर आदिवासींची राष्ट्रीय संघटना आणि पोलाद कामगारांची युनियन टोरांटो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांना सोबत घेऊन स्वतःच कामाला लागल्या. डेने मुलांच्या आणि भट्टीवरच्या कामगारांच्या केसांचे नमुने घेतले. त्यात आर्सेनिकचे प्रमाण वाढलेले आढळले. खाणीत राबणारे आणि खाणीशेजारी राहणारे असे एका बाजूला उभे राहिल्याची उदाहरणे खाणींच्या इतिहासात फार नाहीत. या प्रकरणात पुढे जे काही चांगले घडले, त्याचे बीज इथे आहे.

१९९० मध्ये खाण रॉयल ओक कंपनीच्या ताब्यात गेली. १९९२ मध्ये कामगारांशी चिघळलेल्या संघर्षात टाळेबंदी आणि संप झाला, आणि १८ सप्टेंबरला खाणीत मुद्दाम घडवलेल्या स्फोटात नऊ कामगार ठार झाले. यलोनाइफ त्या जखमेतून अजून पुरते सावरलेले नाही. १९९९ मध्ये कंपनी दिवाळखोर झाली. भट्टी थंडावली. दुसऱ्या एका कंपनीने जवळच्या कॉन खाणीच्या कारखान्यात जायंटचा माल २००४ पर्यंत दळला, पण जुन्या विषाची जबाबदारी तिने घेतली नाही. नफा भागधारकांना मिळून गेला होता. सोमल सरकारच्या, म्हणजे करदात्यांच्या नावावर आला.

आता काय करायचे? सोमल वर काढून सिमेंटमध्ये बांधावा, की आहे तिथेच ठेवावा? पन्नासहून अधिक पर्याय तपासल्यावर सरकारच्या तज्ज्ञांनी कोठ्यांभोवतीची जमीन कृत्रिमरीत्या गोठवायचे ठरवले. उभ्या नळ्यांत दाबाखाली कार्बन डायऑक्साइड भरतात. हिवाळ्यात वरची हवा जमिनीपेक्षा थंड असते, तेव्हा नळीतला वायू वर निवून द्रव होतो, खाली उतरतो, जमिनीची उष्णता घेऊन पुन्हा वायू होऊन वर येतो. विजेशिवाय, पंपाशिवाय जमीन गोठत राहते. खाणीत झिरपणारे पाणी उपसून शुद्ध करत राहायचे. अभियांत्रिकी म्हणून कल्पना देखणी आहे आणि धूळ वर काढताना कामगारांना असणारा धोकाही टळतो. २००७ मध्ये आराखडा तयार होऊन पाणी परवान्यासाठी अर्ज गेला. प्राथमिक छाननीत, सविस्तर पर्यावरण तपासणीची गरज नाही, असा निष्कर्ष निघाला. काम तर सफाईचेच आहे, मग तपासायचे काय?

इथे यलोनाइफच्या नगरपालिकेने जे केले, त्यामुळे या गोष्टीला वळण मिळाले. १९९८ च्या मॅकेन्झी खोरे कायद्याने या भागात एक पुनरावलोकन मंडळ स्थापन झाले होते. त्याचे निम्मे सदस्य आदिवासी समाज सुचवतात, आणि एखादा प्रकल्प थेट या मंडळाकडे पाठवण्याचा अधिकार स्थानिक नगरपालिकेलाही आहे. डेने नेत्यांनी आग्रह धरला आणि मार्च २००८ मध्ये नगरपालिकेने तो अधिकार वापरला. केंद्र सरकारच्या स्वतःच्या योजनेची तपासणी एका लहान शहराच्या मागणीवरून सुरू झाली.

ती पाच वर्षे चालली. सप्टेंबर २०१२ मध्ये जाहीर सुनावणी झाली. कागदपत्रांचे ढीग पडले, आणि त्यात तज्ज्ञांच्या आलेखांइतकेच वजन साध्या प्रश्नांना मिळाले. नळ्या किती वर्षे टिकतील? हवामान तापत गेले तर? दोनशे वर्षांनी पैसे कोण देणार? त्या वेळचे सरकार विसरले तर कोण आठवण करून देणार? आज जी भाषा आपण बोलतो ती पाचशे वर्षांनी कुणाला कळली नाही, तर इथे खणू नका हे कसे सांगणार? एक प्रश्न फारच मुळावरचा होता. योजना आखणारे, पैसे देणारे आणि अनेक परवाने देणारे एकच सरकार असेल, तर त्याच्यावर नजर कोण ठेवणार?

जून २०१३ मध्ये मंडळाने निकाल दिला. गोठवण्याची पद्धत मान्य झाली, पण सरकारने मागितल्याप्रमाणे अनंतकाळासाठी नव्हे. हा उपाय तात्पुरता आहे आणि त्याची मुदत जास्तीत जास्त शंभर वर्षे, असे मंडळाने ठरवले. दर वीस वर्षांनी स्वतंत्र तज्ज्ञांनी पुन्हा सगळे तपासायचे. दरम्यान कायमचा उपाय शोधण्यासाठी संशोधनाला पैसा द्यायचा. सरकारपासून स्वतंत्र देखरेख मंडळ नेमायचे. बेकर ओढा खाणीत घुसण्याचा धोका आहे, त्याचा मार्ग बदलण्याचा विचार करायचा. लोकांच्या आरोग्याचा धोका नव्याने मोजायचा. अशा २६ बंधनकारक अटी होत्या. ऑगस्ट २०१४ मध्ये केंद्रीय मंत्र्यांनी किरकोळ फेरफारांसह त्या स्वीकारल्या. २०१५ च्या करारातून जायंट खाण देखरेख मंडळ जन्माला आले. त्या कराराच्या पक्षांमध्ये यलोनाइव्ह्ज डेने आहेत, मेटी या आदिवासी समाजाची संघटना आहे, नगरपालिका आहे आणि नागरिकांचा एक गटही आहे.

या निकालातली शंभर वर्षांची मर्यादा सगळ्यात महत्त्वाची. अभियंत्यांना ती खटकू शकते, आणि त्यांची अडचण समजण्यासारखी आहे: चांगला चालणारा उपाय तारखेने का बांधायचा? पण मंडळाने जुना इतिहास नीट वाचला होता. १९५१ मध्येही जमीन कायम गोठलेली राहील असे समजूनच कोठ्या भरल्या होत्या. ‘कायम’ म्हटले की बघायला कुणी जात नाही. तारीख घातली की प्रत्येक पिढीला वही उघडावीच लागते. प्रस्तुत लेखकाला हा निर्णय साऱ्या तपासणीचे सार वाटतो, आणि तो तज्ज्ञांच्या खोलीत सुचला नसता. जे लोक तिथेच राहणार आहेत, ज्यांची नातवंडे-पतवंडे तिथेच मासे धरणार आहेत, त्यांच्या प्रश्नांतून तो निघाला.

वेळ गेला, हेही खरे. सुनावणी आणि निर्णय चालू असतानाच जुन्या भट्टीची इमारत इतकी खिळखिळी झाली, की ती तातडीची बाब म्हणून २०१३-१४ मध्ये पाडावी लागली. आतल्या भिंती आर्सेनिक आणि ॲस्बेस्टॉसने माखलेल्या होत्या. तपासणीमुळे कामे रेंगाळतात अशी तक्रार करणाऱ्यांना हे उदाहरण हाताशी आहे. पण ही इमारत १९९९ पासून बंद पडून होती आणि तिची पडझड तपासणी सुरू होण्याच्या कितीतरी आधीची होती. उशीर पाच वर्षांच्या तपासणीचा नव्हता, पन्नास वर्षांच्या गप्प बसण्याचा होता.

पाणी परवाना २०२० मध्ये मिळाला, मुख्य काम २०२१ मध्ये सुरू झाले आणि ते २०३८ पर्यंत चालेल असा अंदाज आहे. २०२२ मध्ये सरकारने जाहीर केलेला खर्च ४.३८ अब्ज कॅनेडियन डॉलर इतका आहे. त्यानंतरही पाणी शुद्ध करण्याचे आणि नळ्यांवर लक्ष ठेवण्याचे काम थांबणार नाही. पुढच्या पिढ्यांना इशारा कसा द्यावा, यावर मेमोरियल विद्यापीठाचे इतिहासकार जॉन सँडलॉस आणि भूगोलतज्ज्ञ आर्न कीलिंग यांनी डेने समाजासोबत बरीच वर्षे काम केले. वडीलधाऱ्यांची मते त्यातून नोंदली गेली आणि ‘गार्डियन्स ऑफ इटर्निटी’ हा माहितीपटही निघाला. फलक आणि खुणांवर बोलणाऱ्यांना तिथल्या वृद्धांनी गोष्टींचे महत्त्व सांगितले: आजीने नातवाला सांगितलेले टिकते.

भारतातल्या वाचकाला कोलार आठवेल. तिथल्या खाणींतून १२० वर्षांत आठशे टनांहून अधिक सोने निघाले आणि २८ फेब्रुवारी २००१ रोजी काम बंद झाले. दगड दळून, सायनाइडने सोने काढून उरलेल्या गाळाच्या टेकड्या अजून वस्तीलगत उभ्या आहेत. वारा सुटला की त्यांची धूळ घरांत येते. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने अशा १३ ढिगांमधून पुन्हा सोने काढण्याच्या केंद्राच्या प्रस्तावाला संमती दिली. ढीग हलवणे हाही कामकाजातला बदलच. धूळ कुठे जाईल, पाणी कुठून येईल, उरलेला गाळ शेवटी कुठे ठेवणार आणि त्याच्याकडे किती वर्षे कोण पाहणार, हे प्रश्न जायंटचेच आहेत.

आपल्याकडे २००६ च्या अधिसूचनेने नव्या खाणीप्रमाणेच जुन्या खाणीच्या विस्ताराला आणि आधुनिकीकरणालाही आधी मंजुरी घ्यावी लागते. तिच्यात जनसुनावणीची तरतूद आहे. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा जवळपास घ्यावी, किमान तीस दिवस आधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध असावा, असे ती सांगते. तरीही गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखाणीच्या विस्ताराची सुनावणी २०२२ मध्ये झाली, ती खाणीजवळच्या गावांत न होता लांब जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि त्यावर स्थानिकांनी नाराजी नोंदवली. गोवा असो, कोकण असो की गडचिरोली, अशी सूचना तुमच्या भागातल्या वर्तमानपत्रात आली तर ती कापून ठेवा. सारांश जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत पाहायला मिळतो. हरकत तोंडी नोंदवता येते आणि राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखीही देता येते. खाण बंद झाल्यावर मागे काय उरणार आणि ते कोण सांभाळणार, हा प्रश्न त्यात नावानिशी विचारा आणि उत्तर लेखी मागा.